पाणी चढेपर्यंत

तृतीयेला पाणी आठाच्या सुमारास उतरतं.
आम्ही सात-आठजणी तोंडवळीच्या बाजूनं खाडीत शिरतो,
कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला तरंगता टोप,
आणि पायाच्या बोटांनी चाचपत
तिसरे काढतो.
डोळ्यांना इथं काम नसतं.
एकमेकींकडे बघावंही लागत नाही.
म्हणूनच असेल, तोंडं सुटतात.

सुरुवात शालनची.
गॅसची गाडी वरच्या वाडीपर्यंत येते, खाली उतरत नाही,
सिलिंडर डोक्यावर, आणि दीर ओटीवर पेपर वाचतोय.
नातालीनचा जावई ताटातला बांगडा
उलटा करून बघतो, सुलटा करून बघतो,
मग म्हणतो, आमच्यात मीठ जरा बेतानं घालतात.
भानूवैनी गुडघ्यांचं सांगते, मग नवऱ्याच्या पिण्याचं,
मग लगेच पुन्हा गुडघ्यांचं.
पिण्याचं ती मधेच उरकते,
कडू औषध गुळात घालून गिळावं तसं.

मी नवी होते तेव्हा म्हणाले होते,
"होईल हो सगळं ठीक."
सगळ्यांचे हात पाण्याखाली थांबले.
भानूवैनी म्हणाली, "गो बाय, उपाय घराकडे ठेवन यायचो.
हय नुसता आयकाचा."

मग कधीतरी मीही सांगितलं.
माझा मुलगा 'प'वर अडतो.
ओठ मिटतात ते उघडतच नाहीत, मानेची शीर फुगते.
नाव प्रल्हाद, आजोबांचं ठेवलेलं.
नव्या शाळेत बाईंनी विचारलं,
तर म्हणाला, विजय.
जूनपासून बाई त्याला विजयच म्हणतात
आणि तो हजेरी देतो.

कुणी काही बोललं नाही.
शालन जवळ सरकली, एवढंच.
तिचा टोप माझ्या टोपाला लागून
टक्-टक् वाजत राहिला.

झैनबचाची मात्र कधी बोलायची नाही.
सगळ्यांत आधी टोप भरायचा तिचा,
आणि कुणाचा रिकामा दिसला
की दोन मुठी त्यात टाकून पुढं.
एकदा चतुर्थीच्या ओहोटीला, वारा पडलेला,
पाण्याकडे बघत म्हणाली,
"काल भात चढवलंय नि इसारलंय.
परवा दार सताड उघडा टाकून बाजारात गेलंय.
माझ्या आवशीचा असाच सुरू झालेला.
शेवटाक ती माकाच इचारी, तू कोणाची गो?"

नातालीन म्हणायला गेली, अगो, माझंही होतं तसं,
भानूवैनीनं पाण्याखालून तिला चिमटा काढला.
मग बराच वेळ
फक्त शिंपल्यावर शिंपला पडल्याचा आवाज.

तेव्हापासून काठावर आलो
की भानूवैनी हजेरी घेते. चाचीची एकटीची नाही,
सगळ्यांची, ओरडून, जणू आम्ही सगळ्याच विसराळू:
"टोप?"
घेतला.
"चपला?"
घेतल्या.
"चावी?"
आम्ही पदराच्या गाठी चाचपतो.
शालनला तर चावीच नाही, तिच्याकडे दार कुणी लावत नाही,
तरी ती म्हणते, घेतली.
यादी वाढतच चालली आहे. छत्री. औषध. सुट्टे पैसे.
नातालीन मधेच घालते, "जावई?"
आणि स्वतःच उत्तर देते, "नको, ऱ्हवांदे थयंच."

परवा पाणी लवकर चढलं.
पोटऱ्या भिजत होत्या, घाई होती,
भानूवैनीची यादी संपली, आम्ही निघालो,
तोच मागून चाचीनं हाक मारली, मला,
"आणि विजय?"

खरं नाव तिला आठवत नव्हतं
की तिनं ठरवूनच तसं म्हटलं,
मला कळलं नाही. विचारलंही नाही.
टोप डोक्यावर चढवला,
गार पाणी मानेवरून पाठीत उतरलं.

"घेतला," मी म्हटलं.